एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडून पुन्हा माझ्याकडेच परीक्षणाला आला आहे. पहिल्या वेळची शंका सांगावी का?

मानसमापन

नमस्कार. प्रश्न गोपनीयतेचा असल्यामुळे आधी एक खुलासा करते. खाली दिलेले आकडे मूळ निबंधातले नाहीत. विषय, गटांचे स्वरूप आणि संख्या मी बदलल्या आहेत. आकड्यांमधली विसंगती तेवढी मूळच्याच प्रकारची ठेवली आहे, कारण ती दाखवल्याशिवाय प्रश्न नीट मांडता येणार नाही. यावरून निबंध किंवा त्याचे लेखक ओळखू येण्याची शक्यता नाही.

काही महिन्यांपूर्वी एका नियतकालिकाने मला एक शोधनिबंध परीक्षणासाठी पाठवला होता. त्यात दोन गटांची तुलना होती, प्रत्येक गटात २४ जण होते आणि प्रत्येकाने चार प्रश्नांना १ ते ५ यांपैकी एक पूर्ण अंक देऊन उत्तर द्यायचे होते. कोष्टकात आठ सरासऱ्या दोन दशांश स्थळांपर्यंत दिल्या होत्या आणि त्यांतल्या तीन सरासऱ्यांपाशी मी थांबले: ३.४८, २.७२ आणि ४.१६. पूर्ण अंकांची बेरीज पूर्णच येणार. ८३ ला २४ ने भागले तर ३.४६ येतात आणि ८४ ला भागले तर ३.५० येतात, त्यामुळे २४ जणांच्या उत्तरांची सरासरी ३.४८ येणे शक्यच नाही. उरलेल्या दोन सरासऱ्यांचेही तसेच. मी हे अहवालात सविस्तर लिहिले, पद्धतीविषयीचे दोन-तीन आक्षेपही नोंदवले आणि लेखकांकडून मूळ डेटा मागवावा अशी स्पष्ट शिफारस केली. संपादकांनी निबंध नाकारला. निर्णयपत्राची प्रत परीक्षकांनाही मिळते, त्यात कारण एवढेच होते की हा निबंध नियतकालिकाच्या प्राधान्यक्रमात बसत नाही. माझा अहवाल जोडलेला होता, डेटा मागितल्याचा उल्लेख कोठेही नव्हता.

आता तोच निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडून माझ्याकडे आला आहे. शीर्षकात किरकोळ बदल आहे, प्रस्तावनेत दोन नवे संदर्भ आहेत, आणि प्रत्येक गटातली संख्या २४ ऐवजी २५ झाली आहे. सरासऱ्या त्याच आहेत, प्रमाण विचलने तीच आहेत, दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का हे पाहण्यासाठी काढलेली टी-मूल्ये आणि पी-मूल्येही तीच आहेत. ८७ ला २५ ने भागले की बरोबर ३.४८ येतात, ६८ ला भागले की २.७२ आणि १०४ ला भागले की ४.१६. म्हणजे ज्या तीन जागांवर मी बोट ठेवले होते, त्या तिन्ही आता बिनचूक जुळतात.

माझी अडचण अशी आहे. समोर असलेल्या प्रतीपुरतेच पाहायचे ठरवले, तर त्या तीन सरासऱ्यांविषयी मला काहीच आक्षेप घेता येत नाही. पण मला जे माहीत आहे ते न सांगता ‘आकडे सुसंगत आहेत’ असे लिहिणे म्हणजे संपादकांची दिशाभूल करणे होईल असे वाटते. उलट, पहिल्या परीक्षणात कळलेली गोष्ट मी दुसरीकडे उघड केली, तर पहिल्या नियतकालिकाला दिलेला गोपनीयतेचा शब्द मोडला जातो. मी हे परीक्षण नाकारावे का? स्वीकारले तर जुना अहवाल देता येतो का? आणि लेखकांनी खरोखरच साधी चूक सुधारली असेल, तर माझ्या सांगण्याने त्यांच्यावर अन्याय होणार नाही ना? या तिसऱ्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले आहे.

निवृत्त_संपादक

एका नियतकालिकाच्या संपादक मंडळावर मी बरीच वर्षे काम केले आहे आणि हा प्रसंग लोकांना वाटतो तितका दुर्मीळ नाही. एखाद्या लहान उपविषयात जाणकार परीक्षक मोजकेच असतात, त्यामुळे नाकारलेला निबंध फिरून त्याच माणसाकडे येणे अगदी स्वाभाविक आहे.

आधी लेखकांच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट करतो. एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे निबंध पाठवणे नीतिबाह्य आहे; एकाने नाकारल्यानंतर दुसऱ्याकडे पाठवणे हा लेखकाचा हक्क आहे. परीक्षकाच्या सूचनेप्रमाणे दुरुस्ती करून पाठवणे तर स्वागतार्हच आहे. तेव्हा निबंध पुन्हा आला आणि त्यात बदल आहेत, एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

आता कार्यपद्धती. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, म्हणजे १९९७ मध्ये स्थापन झालेली जी संस्था ‘कोप’ या नावाने ओळखली जाते, तिच्या परीक्षकांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत या परिस्थितीचा थेट विचार केलेला आहे. आधी दुसऱ्या नियतकालिकासाठी तपासलेला निबंध पुन्हा आला तर त्याचे परीक्षण नव्याने करावे, कारण मधल्या काळात तो बदललेला असू शकतो आणि दोन नियतकालिकांचे निकषही वेगळे असू शकतात. त्याचबरोबर, आपण हा निबंध पूर्वी तपासला आहे असे नव्या संपादकांना सांगणे, पहिल्या नियतकालिकाची परवानगी घेऊन मूळ अहवाल त्यांना देणे आणि काय बदलले ते नमूद करणे उचित ठरू शकते, असेही तिथे म्हटले आहे. परवानगीची अट महत्त्वाची आहे. अहवाल तुम्ही लिहिला असला तरी तो एका गोपनीय व्यवहाराचा भाग आहे आणि तो व्यवहार तुमच्या एकटीचा नाही.

म्हणून आमंत्रण स्वीकारण्याच्या आधीच दुसऱ्या संपादकांना दोन ओळी लिहा: या निबंधाची आधीची प्रत मी अन्य एका नियतकालिकासाठी तपासली आहे, तरीही मी परीक्षण करावे असे आपल्याला वाटते का? नियतकालिकाचे नाव सांगू नका, निर्णय सांगू नका, शंकाही सांगू नका. त्याच दिवशी पहिल्या संपादकांना वेगळे पत्र लिहा आणि तुमचा अहवाल पुढे देण्याची परवानगी मागा.

गोपनीयता कशासाठी असते याचाही विचार करायला हवा. लेखकाची अप्रकाशित कल्पना कोणी उचलू नये, ती चर्चेचा विषय होऊ नये, आणि परीक्षकाला निर्भीडपणे लिहिता यावे, यासाठी ती आहे. एका संपादकाने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न दुसऱ्या संपादकापर्यंत पोहोचूच नये, हा तिचा हेतू कधीच नव्हता. पण ती कधी आणि किती शिथिल करायची हे परीक्षकाने एकट्याने ठरवले, तर उद्या ज्याला एखाद्या लेखकाचा राग आहे तोही तेच करील; म्हणून ती वाट संपादकामार्फतच जायला हवी.

मला सर्वांत जास्त खंत पहिल्या संपादकांच्या वागण्याची वाटते. तुम्ही आकड्यांची अशक्यता दाखवून दिली होती, डेटा मागवा असे लिहिले होते, आणि त्यांनी ‘प्राधान्यक्रम’ हे कारण देऊन निबंध परत केला. संपादकांसाठीच्या ‘कोप’च्या आचारसंहितेत हे नि:संदिग्धपणे लिहिले होते की गैरप्रकाराची शंका आलेला निबंध नुसता नाकारून मोकळे होऊ नये, शंकेचा पाठपुरावा करणे हे संपादकाचे नैतिक कर्तव्य आहे, आणि ते प्रकाशित तसेच अप्रकाशित, दोन्ही प्रकारच्या निबंधांना लागू आहे. व्यवहारात असे फार थोडे संपादक वागतात. कामाचा बोजा असतो, आरोप केल्याचा ठपका येईल ही भीती असते, आणि निबंध आपल्याकडे छापला जाणारच नसेल तर त्यात वेळ का घालवायचा, असा विचार होतो. मला तो विचार समजतो, पण मान्य नाही. त्याचा परिणाम काय होतो ते पाहा: नकारासोबत परीक्षकाचा अहवाल लेखकाला मिळतो आणि कोणता आकडा का जुळत नाही हे त्याला नेमके कळते. प्रामाणिक लेखक त्यावरून आपली चूक शोधतो, अप्रामाणिक लेखकाला त्यातून फक्त काय झाकायचे ते कळते, आणि पुढच्या संपादकाला दोघांच्या प्रती सारख्याच स्वच्छ दिसतात. डेटा त्याच वेळी मागितला असता, तर आज तुमच्यावर ही वेळ आली नसती.

संख्याविचार

वरच्या प्रतिसादातल्या कार्यपद्धतीशी मी सहमत आहे. मी फक्त आकड्यांबद्दल लिहितो, कारण तिथे अजून पाहण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे.

तुम्ही जी तपासणी केली ती निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी २०१६ मध्ये ‘ग्रिम’ या नावाने मांडली. त्यांनी मानसशास्त्रातले २६० निबंध पाहिले, त्यांपैकी ७१ निबंध या पद्धतीने तपासता येण्याजोगे निघाले, आणि त्या ७१ मधल्या जवळपास निम्म्या निबंधांत किमान एक सरासरी अशक्य आढळली. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. निम्मे मानसशास्त्रज्ञ लबाडी करतात असा त्याचा अर्थ मुळीच नाही. टंकलेखनातली चूक, काहींनी प्रश्न कोरा सोडणे, दोन उपप्रश्नांची सरासरी एका ओळीत देणे, पूर्णांकन करताना झालेली गफलत, अशा साध्या कारणांनीही विसंगती येते. ही तपासणी प्रश्न कोणता विचारायचा ते सांगते. उत्तर तिच्यात नसते.

तुमच्या उदाहरणात एक गोष्ट लेखकांच्या बाजूने बोलते. दोन दशांशांच्या शंभर संभाव्य शेवटांपैकी २५ जणांच्या सरासरीला फक्त २५ शेवट चालतात, म्हणजे ०.०४ च्या पटीतले. कोणत्याही तीन सरासऱ्या निव्वळ योगायोगाने तिन्ही त्या पटीत बसण्याची शक्यता ६४ मध्ये १ इतकीच आहे. तुमच्या तिन्ही अडलेल्या सरासऱ्या २५ ला इतक्या नेमक्या बसतात, यावरून त्या ओळींमध्ये खरोखरच २५ उत्तरे होती आणि पहिल्या प्रतीतला २४ हा आकडा चुकीचा होता, ही शक्यता बरीच बळकट होते. ज्याला केवळ आकडे जुळवायचे आहेत तोही शोधून २५ वर येऊ शकतो हे खरे. तरीही तुम्ही लबाडी गृहीत धरू नये, एवढे वजन या गोष्टीला नक्कीच आहे.

टी-मूल्य आणि पी-मूल्य बदलले नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही. गणित पहिल्यापासून २५ जणांवर केलेले असेल तर टी-मूल्य तेच राहणार. पी-मूल्याचे म्हणाल, तर टी-मूल्य २.३१ असताना डिग्रीज ऑफ फ्रीडम (म्हणजे इथे दोन्ही गटांची एकूण संख्या वजा दोन) ४६ धरा किंवा ४८ धरा, तीन दशांशांपर्यंत ते ०.०२५ च येते.

पण मला एक विचारायचे आहे. कोष्टकात आठ सरासऱ्या होत्या असे तुम्ही म्हणता. मग पहिल्या वेळी ज्या पाच सरासऱ्या २४ शी जुळत होत्या, त्यांचे आता काय झाले? नेहमीच्या पद्धतीने पूर्णांकन केले तर २४ आणि २५ या दोन्ही संख्यांना चालणारे शेवट फक्त सहा आहेत: .००, .०४, .०८, .८८, .९२ आणि .९६. बाकी जे २४ शी जुळते ते २५ शी जुळत नाही. संख्या सरसकट बदलली असेल, तर तीन जागा दुरुस्त होताना दुसऱ्या एखाद्या जागी नवी विसंगती उमटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्या पाचही पुन्हा तपासा.

मूळ डेटा मागण्याबद्दलही दोन वाक्ये. भूलशास्त्रातले तज्ज्ञ आणि तेव्हा ‘अॅनेस्थेशिया’ या नियतकालिकाच्या संपादकांपैकी एक असलेले जॉन कार्लाइल यांनी २०१७ ते २०२० या काळात त्यांच्याकडे आलेल्या ५२६ चाचण्यांचे निबंध तपासले. जिथे प्रत्येक रुग्णाचा डेटा हाती आला अशा १५३ निबंधांपैकी ४४ टक्क्यांत त्यांना खोटा डेटा आढळला. जिथे फक्त निबंध पाहायला मिळाला तिथे हे प्रमाण २ टक्के होते. संशय आलेल्या निबंधांचा डेटा आवर्जून मागवला जात असल्यामुळे हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत, हे खरे आहे. पण डेटा मिळाल्यावर जे दिसले ते नुसत्या निबंधावरून दिसत नव्हते, हा त्यातला मुद्दा कायम राहतो. २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’ आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या दोन मातब्बर नियतकालिकांना ‘सर्जिस्फिअर’ कंपनीच्या डेटावर आधारलेले निबंध मागे घ्यावे लागले, तेही परीक्षणातून पार पडलेले होते. तो डेटा स्वतंत्र तपासणीसाठी मिळू शकला नाही, तेव्हाच लेखकांनी निबंध मागे घेतले.

दुसरी_बाजू

मी इथे थोडा वेगळा सूर लावतो, कारण या चर्चेत लेखकाची बाजू मांडणारे कोणी असायला हवे.

तुमचा हेतू शुद्ध आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही माझे मत असे आहे की तुम्ही वस्तुस्थिती संपादकांना कळवावी आणि परीक्षण मात्र करू नये. निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडे पाठवण्यामागे लेखकाची साधी अपेक्षा असते की आता वेगळे डोळे तो वाचतील. त्याच परीक्षकाकडे तो पुन्हा गेला तर ती संधी त्याला न कळताच हिरावली जाते, आणि परीक्षकाचे नाव गुप्त असल्यामुळे त्याला तक्रारही करता येत नाही. माझ्या एका निबंधावर दोन वेगळ्या नियतकालिकांकडून आलेल्या अहवालांत काही परिच्छेद अक्षरशः सारखे होते. मधल्या काळात मी नवे विश्लेषण जोडले होते, पद्धतीचा भाग पुन्हा लिहिला होता. त्याबद्दल दुसऱ्या अहवालात एक शब्दही नव्हता. ‘नव्याने परीक्षण करावे’ ही सूचना कागदावर योग्य आहे, पण एकदा बनलेले मत बाजूला ठेवून वाचणे माणसाला कठीण जाते.

एका परीक्षकाच्या मताला आपण किती वजन देतो याचाही विचार व्हावा. डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बहुतेकांना माहीत असेल: मानसशास्त्राच्या नियतकालिकांत आधीच छापून आलेले १२ निबंध त्यांनी लेखकांची आणि संस्थांची काल्पनिक नावे घालून त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले. तीनच ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले, आणि तेही मुख्यतः पद्धतीतल्या गंभीर दोषांचे कारण देऊन. मशीन लर्निंगच्या ‘न्यूरिप्स’ परिषदेने २०१४ मध्ये १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांना दिले, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश निबंधांवर दोन्ही समित्यांचे निर्णय परस्परविरुद्ध आले. ज्या व्यवस्थेत इतका चढउतार आहे तिथे लेखकाला एकाच माणसापुढे दोनदा उभे करणे न्याय्य नाही.

एक सुचवतो. अहवाल निबंधाबरोबर प्रवास करणारच असतील, तर ते लेखकाच्या संमतीने आणि उघडपणे करावेत. ‘एम्बो’ ही युरोपातली आण्विक जीवशास्त्राची संघटना आणि ‘एएसएपीबायो’ ही जीवशास्त्रातल्या खुल्या प्रकाशनाचा पुरस्कार करणारी संस्था यांनी २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘रिव्ह्यू कॉमन्स’मध्ये हेच होते: परीक्षण आधी होते आणि मग लेखक अहवालांसह निबंध संलग्न नियतकालिकाकडे नेतो. तिथे जुन्या आक्षेपाला लेखकाचे उत्तरही सोबत असते. तुमच्या प्रसंगात लेखकाला ही संधीच नाही. त्याच्या माघारी एक जुना अहवाल एका संपादकाकडून दुसऱ्याकडे जाणार आणि त्यावर त्याचे म्हणणे कोणी विचारणार नाही.

मानसमापन

सर्वांचे मनापासून आभार. ‘संख्याविचार’ यांनी सुचवल्याप्रमाणे आठही सरासऱ्या आता २५ ने तपासल्या. उरलेल्या पाचांपैकी ३.०४, २.९२ आणि ४.०० या दोन्ही संख्यांना चालतात. पण ३.७९ आणि २.५४ या दोन २४ शी जुळतात, २५ शी जुळत नाहीत: ९५ ला २५ ने भागले तर ३.८० येतात आणि ९४ ला भागले तर ३.७६, तसेच २.५२ आणि २.५६ यांच्यामध्ये २.५४ ला जागा नाही. म्हणजे विसंगती नव्या प्रतीतही आहे, फक्त तिची जागा बदलली आहे.

यामुळे माझी निम्मी अडचण सुटली असे वाटते, कारण आता आक्षेप घेण्यासाठी मला जुन्या प्रतीचा आधार घ्यावा लागत नाही. ‘दुसरी_बाजू’ यांचा मुद्दाही मला पटतो, मात्र मी बाजूला झाले आणि पुढच्या परीक्षकाने ही आकडेमोड केलीच नाही तर काय, ही काळजी उरते.

संख्याविचार

हे आठही आकडे एकत्र पाहिले तर एक सरळ आणि प्रामाणिक स्पष्टीकरण संभवते. प्रत्येक गटात २५ जण होते. काहींनी एखादा प्रश्न कोरा सोडला. त्यामुळे काही ओळींत २५ उत्तरे आहेत आणि काहींत २४. पहिल्या प्रतीत लेखकांनी सर्व प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यांची संख्या लिहिली असेल, दुसऱ्या प्रतीत एकूण सहभागींची. तसे असेल तर आठही सरासऱ्या बरोबर आहेत आणि दोष फक्त कोष्टक मांडण्याच्या पद्धतीत आहे. तसे नसेल तर तेही एका साध्या मागणीतून उघड होईल: प्रत्येक ओळीसाठी प्रतिसादांची संख्या स्वतंत्रपणे द्यावी आणि नावे काढून टाकलेला मूळ डेटा सोबत जोडावा. गट आणि चार उत्तरे असे पाच स्तंभ आणि पन्नास ओळींचे कोष्टक द्यायला प्रामाणिक संशोधकाला फारसा वेळ लागत नाही, आणि त्यात त्याचा अपमानही होत नाही.

निवृत्त_संपादक

‘दुसरी_बाजू’ यांचा अनुभव वाचून वाईट वाटले. जुना अहवाल जसाच्या तसा चिकटवणारा परीक्षक संपादकाच्या लक्षात आला, तर त्याला पुन्हा बोलावू नये असेच माझे मत आहे. पण त्यांच्या सूचनेत मी थोडा बदल करीन. परीक्षण करायचे की नाही हा निर्णय दुसऱ्या संपादकांना घेऊ द्या, कारण त्यांच्याकडे अन्य परीक्षक आहेत की नाहीत हे त्यांनाच ठाऊक. ते हो म्हणाले तर स्वीकारा, आणि स्वीकृती अथवा नकाराची शिफारस न करता केवळ आकड्यांचा आणि पद्धतीचा अहवाल देते असे कळवा. बहुतेक संपादकांना ते चालते. पहिल्या नियतकालिकाकडून परवानगी आली तर जुना अहवाल द्या. आली नाही तर देऊ नका, आणि त्याचा आशयही दुसऱ्या शब्दांत सांगू नका. नव्या प्रतीतल्या ३.७९ आणि २.५४ यांच्याबद्दल लिहायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

शब्दांबाबत जपा. लेखकांसाठीच्या भागात ‘बनावट’, ‘फेरफार’, ‘संशयास्पद’ असे काहीही नको. कोणती सरासरी कोणत्या संख्येशी जुळत नाही ते आकडेमोडीसह लिहा, ‘संख्याविचार’ यांनी सांगितलेली शक्यता स्वतःहून नमूद करा आणि प्रतिसादांची संख्या व डेटा मागा. केवळ संपादकांसाठी असलेल्या रकान्यात एवढेच लिहा की या मुद्द्याचे उत्तर डेटासह मिळाल्याशिवाय निर्णय घेऊ नये, आणि निबंध नाकारायचा झाला तरीही हे उत्तर मागितले जावे अशी आपली विनंती आहे. हे दुसरे वाक्य विसरू नका. पहिल्या वेळी नेमके तेच झाले नाही.

पुढची चौकशी तुमची नाही. लेखकांचे उत्तर समाधानकारक नसेल, किंवा उत्तर न देताच त्यांनी निबंध मागे घेतला, तर त्यांच्या संस्थेला कळवायचे की नाही हे संपादकांनी ठरवायचे असते. ‘कोप’चे टप्पेही त्याच क्रमाने आहेत, आधी लेखकांकडे स्पष्टीकरण मागायचे आणि ते अपुरे ठरले तरच संस्थेकडे जायचे. परीक्षकाने स्वतः लेखकांशी किंवा त्यांच्या विभागाशी संपर्क साधू नये, अगदी सद्हेतूनेही नाही.

‘माघारी’ हा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. जुना अहवाल पुढे गेलाच, तर तो लेखकांना दाखवून त्यावर त्यांचे उत्तर घ्यावे, अशी विनंती तुम्ही दुसऱ्या संपादकांना त्याच पत्रात करू शकता. मी संपादक असतो तर ती मान्य केली असती.

दुसरी_बाजू

लेखकाला उत्तर देण्याची संधी मिळणार असेल तर माझा आक्षेप बराचसा निवळतो. शिफारस न करण्याची तडजोडही मला मान्य आहे.

मानसमापन

दोन्ही पत्रे पाठवली आहेत. दुसऱ्या संपादकांना लिहिताना, जुना अहवाल पुढे आला तर तो लेखकांनाही दाखवावा, हे नमूद केले आहे. परीक्षण करायचे ठरले तर अहवालात आठही सरासऱ्यांची आकडेमोड देईन आणि प्रश्न कोरे सोडले गेल्याची शक्यता सर्वांत आधी मांडीन. यापुढचे मी इथे लिहिणार नाही, कारण ते आता त्या संपादकांच्या आणि लेखकांच्या अखत्यारीतले आहे.